हंड्याची ढेरी

भांडी फुशारक्या मारायची आणि झाडं त्या ऐकून घ्यायची, त्या काळातली गोष्ट. परसातल्या डाळिंबाला तेल्या रोग लागला. पानापानावर काळे डाग पडले. मालकीण म्हणाली, "रोग पसरला तर झाड उपटून जाळीन."

डाळिंब रडायला लागलं. तांब्याचा हंडा ढेरी पुढं काढून म्हणाला, "रडू नको बाळा. रोग तांब्याला भितो." तो गडगडत जाऊन बुंध्याशी बसला. रोग त्याच्या डोक्यावरून खुशाल पसरत राहिला. हंडा मात्र रोज मालकिणीकडून चिंचेनं अंग घासून घ्यायचा. लढाईला मळकट तोंडानं कसं जायचं? मालकीण ते घासलेलं पाणी जवळच्या फांदीवर भिरकावायची.

एक दिवस डाळिंब म्हणालं, "काका, त्या एकाच फांदीवर नवा डाग नाही."

हंड्यानं निरखून पाहिलं. तांब्याचे बारीक बारीक कण पानांच्या खाचाखोचांत ठाण मांडून बसले होते.

"कोण रे तुम्ही?"

"तुम्ही अंगावरून काढून टाकता तो मळ."

हंडा ढेरी हलवत हसला. "म्हणजे मी नुसता नटलो आणि लढला माझा मळ. मालकीणबाई, घासा मला, आणि पाणी सगळ्या झाडावर शिंपडा."

डाळिंब लाल फुलांनी भरलं. हंडा पार झिजला. घागरीनं टोमणा मारला, "भावजी, ढेरी कुठं गेली?"

"कामाला लावली," हंडा म्हणाला. "जन्मात पहिल्यांदाच."