दारांची राई

घाटमाथ्यावरच्या गारवठ गावात वैशाखात गेलात तर एकाही घराला दार दिसणार नाही. चौकटी आहेत, उंबरे आहेत, आतली शिंकी आणि फळीवरची भांडी रस्त्यावरून दिसतात. दारे मात्र नाहीत. ती गावाच्या वरच्या अंगाला, जांभळीच्या राईत नेऊन ठेवलेली असतात. चार दगडांवर एक दार आडवे, त्याच्या शेजारी दुसरे, अशी साठ-सत्तर दारे. त्यांवर म्हातारी माणसे पडलेली असतात, लेकुरवाळ्या बायका पाय सोडून बसलेल्या असतात. सूर्य वर आला की गावात चूल पेटत नाही. पहाटे केलेल्या भाकऱ्या सगळे राईतच खातात.

आम्ही चौघे त्या पठारावरचे झरे नोंदवायला गेलो होतो. गावातल्या म्हाताऱ्या लुमाजीबाबांनी आम्हाला त्यांच्या दारावर बसायला जागा दिली. वय विचारले तर म्हणाले, "दात मोजा आन् ठरवा." आमच्यातल्या एकाने विचारले, घरे अशी उघडी टाकून चोराची भीती नाही वाटत?

"चोर?" बाबा म्हणाले. "आला तर या उन्हात त्यालाच पानी पाजावं लागंल. बसा. इचारलंय तर ऐकून जावा. पर मधी उठायचं न्हाई."

त्यांनी सांगितले ते असे.

गारवठला पूर्वी ऊन ठाऊक नव्हते. वैशाखातही रात्री गोधडी लागायची, सकाळी धुके उंबऱ्यापर्यंत यायचे. या गावाला जे काही वाईट आले ते थंडीतून आणि पावसातून आले. म्हणून घरेच तशी बांधलेली: दोन हात जाडीच्या भिंती, खिडकी एकही नाही, छप्पर कमरेपर्यंत उतरलेले, दार इतके बुटके की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. दाराला खिळा नसे. वर-खाली लाकडी खुंट्या, त्या दगडाच्या खाचांत फिरत. आणि चूल कधी विझू द्यायची नाही. श्रावणात ती विझली तर आठ-आठ दिवस पेटत नसे. चूल विझलेल्या घराकडे लोक मेलेल्या घराकडे पाहावे तसे पाहत.

अशा गावात ठकू नावाची सुईण होती. तीस वर्षे ती बाळंतपणे करत होती, आणि तीस वर्षांत तिच्या हातची एकही बाळंतीण वारा लागून दगावली नव्हती. तिची रीत सगळ्यांना पाठ होती. बाळंतिणीची खोली बंद. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. कानाला फडके, अंगावर घोंगडी. प्यायला ओव्याचे गरम पाणी, तेही दिवसातून चार घोट. गार वारा आणि गार पाणी हे बाळंतिणीचे दोन वैरी, असे ती म्हणे. त्या डोंगरावर ते खरेही होते. त्या रीतीने तिने शेकडो बायका जगवल्या होत्या.

ठकूची स्वतःची तीन मुले लहानपणीच गेली होती. चौथी मुलगी झाली तेव्हा तिला कुणाची नजर लागू नये म्हणून नाव ठेवले चिंधी. ती जगली, वाढली, खालच्या खोऱ्यातल्या धोंडूला दिली. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

साल कोणते, ते गावात कुणी सांगत नाही. त्या वर्षी समुद्राकडून येणारा वारा थांबला. आज येईल, उद्या येईल म्हणत लोक संध्याकाळी कड्यावर जाऊन उभे राहत. वारा आला नाही. उलट देशावरची धग घाट चढून वर आली. कड्याला लटकलेली आग्या मोहोळे वितळली आणि मेण काळ्या दगडावरून ओघळले, म्हणे. पाखरे झाडावरून पडू लागली. झरे आटले. राईत खडकाच्या कपारीतून पाणी ठिबकायचे, तेवढे राहिले.

आता खालच्या मुलखातला माणूस असता तर त्याला कळले असते की हे ऊन आहे. तो सावलीला गेला असता, पाणी प्याला असता, अंगावरचे कापड सैल केले असते. गारवठच्या माणसांना ते कसे कळावे? अंग तापते ते तापाने, एवढेच त्यांना ठाऊक होते. लोक म्हणाले, डोंगराला ताप आलाय. आणि तापावर त्यांच्याकडे एकच उपाय होता. पांघरूण घ्यायचे, सुंठीचा काढा प्यायचा, दार लावायचे.

राणोजी भगताने गाव देवळात जमवले. गावदेवी गारजाईसमोर तो म्हणाला, "भाईर जे फिरतंय ते घरात शिरू द्यायचं न्हाई. वारा परत येईस्तवर दारं बंद. पहाटं पान्यापुरतं उघडायचं, मग न्हाई. जो दार उघडंल तो समद्यांना मारंल." घरटी एकेकाने शपथेचा भंडारा उचलला. ठकूनेही उचलला. तिला तर यात नवे काहीच वाटले नाही. राणोजी तिचीच रीत सगळ्या गावाला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी चिंधी बाळंत झाली. मुलगी झाली.

ठकूने नेहमीप्रमाणे सगळे केले. उलट लेकीसाठी जास्तच केले. शेगडीत दुप्पट निखारे घातले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या.

"आये," चिंधी म्हणाली, "दार उघड गं. जीव गुदमरतोय."

"गप पड. बाळंतपन काय पुरनपोळी हाय? तुझ्या वेळंला म्या बी सोसलंय."

"पानी तरी दे."

"दिलं की सकाळी. गार पानी मागायचं न्हाई."

पलीकडे हौसा राहायची. दोन घरांत एकच भिंत होती. दारे बंद असल्यामुळे बायका भिंतीला तोंड लावून बोलत.

"ठकाक्का," हौसा ओरडली, "मामंजी बरळाया लागल्यात. ढवळ्याला वैरन टाकली का, इचारत्यात. ढवळ्या मरून सात वर्सं झाली!"

"मग म्हन टाकली. त्यास्नी घोंगडी घाल. आन् सुंठ दे."

"घातली. दोन घातल्या."

"अजून एक घाल."

हे सांगताना लुमाजीबाबा थांबले. शेजारच्या दारावर एक बाई भाकरी मोडत होती, तिनेही हात थांबवला. ही गोष्ट ती दरवर्षी ऐकत असणार. आमच्या चौघांत एक मुलगी होती, तिला राहवले नाही. ती म्हणाली, "पण एवढं उकडत होतं, तर एकालाही वाटलं नाही का दार उघडावं?"

"वाटलं की," बाबा म्हणाले. "समद्यांना वाटलं. पर आपल्याला वाटतंय ते चूक आसंल, आसं बी समद्यांनाच वाटलं."

तिसऱ्या दिवशी चिंधीने दार मागणे सोडले नाही, पण आवाज बारीक झाला. ठकू दर घटकेला तिच्या कपाळावर हात ठेवी. कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागलेल्या असत. ठकू त्या पुशी आणि म्हणे, निघू दे, ताप निघतोय. चौथ्या दिवशी दुपारी तिने हात ठेवला तर कपाळ कोरडे होते.

ठकूला हायसे वाटले. तिने भिंतीला तोंड लावून हौसाला सांगितले, "घाम थांबला गं! उतरला ताप. माझी पोर सुटली."

चिंधीने एकदा डोळे उघडले. आईकडे बघून ती म्हणाली, "मावशी, माझ्या आयला बोलवा. ती दार उघडंल." मग ती काही बोलली नाही. शेगडीतले निखारे तडतडत होते. ठकूने पुन्हा कपाळाला हात लावला, तेव्हा ते अजून तव्यासारखे तापलेले होते, आणि चिंधी गेलेली होती.

ठकू रडली नाही, असे सांगतात. ती बराच वेळ शेगडीकडे बघत बसली. तिला काय कळले आणि कसे कळले, ते कुणालाच माहीत नाही. मग बाजेवरच्या तान्ह्या मुलीने तोंड उघडले. आवाज आला नाही. तिचेही कपाळ कोरडे होते.

ठकूने पाण्याची कळशी उचलली आणि शेगडीवर ओतली. मग स्वयंपाकघरात जाऊन चुलीवर ओतली. तिच्या सासूने जपलेली, सासूच्या सासूने लावलेली चूल विझली. घरभर वाफ झाली. तिने फटीतल्या चिंध्या ओढून काढल्या, दाराला खांदा लावला आणि ते खाचेतून वर उचलून बाहेर पाडले. भर दुपारी गावात लाकडाचा तो आवाज घुमला. त्या दारावर तिने नातीला उताणे निजवले, वरच्या खुंटीला पदर बांधला, आणि दार ओढत ती राईच्या चढाला लागली.

बंद घरांतून लोक ओरडू लागले. "कोन हाय? कुनी उघडलं?" "ठकू हाय! बया, गाव मारशील!" राणोजी भगत आतूनच तिला देवीची आण घालत होता. तिला अडवायला कुणी बाहेर आले नाही. बाहेर यायचे तर दार उघडावे लागले असते.

राईत सावली दाट होती. ठकूने कपारीपाशी दार टेकवले, मुलीच्या अंगावरचे सगळे फडके काढून टाकले आणि ठिबकणारे पाणी ओंजळीत धरून तिच्यावर शिंपडत राहिली. गार पाणी. आयुष्यभर तिने ज्याला वैरी म्हटले तेच. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन कलत आले तेव्हा मुलगी रडली. बारीकच रडली, पण वारा नसल्यामुळे तो आवाज खाली गावापर्यंत गेला.

पहिले दार निघाले ते हौसाचे. सासऱ्याला त्यावर घालून ती नि तिचा नवरा वर आले. मग एकेक करत दारे निघू लागली. चुलींवर पाणी पडल्याचा फस्स आवाज घराघरांतून येत होता. सूर्य बुडेपर्यंत पाऊण गाव राईत होते. त्यातलीही अकरा माणसे पुढच्या दोन दिवसांत गेलीच. हौसाचा सासरा ढवळ्याला हाक मारत गेला.

उरलेल्या पाव गावाने दारे उघडली नाहीत. भंडारा उचललाय म्हणाले. पाचव्या दिवशी वारा आला. लोकांनी खाली जाऊन ती दारे बाहेरून उचकटली. राणोजीच्या घरात सात माणसे होती. सातही घोंगड्या पांघरून, चुलीभोवती नीट बसलेली.

इथपर्यंत ऐकल्यावर वाटते, गावाने ठकूचे पाय धरले असतील. तसे झाले नाही, आणि गोष्ट सांगताना गारवठ हे लपवत नाही. वारा आल्यावर लोकांनी हिशेब उलटा मांडला. ठकूने शपथ मोडली म्हणून राणोजीचे घर बुडाले, असे म्हणू लागले. ज्यांचे जीव तिच्यामुळे वाचले होते तेही म्हणू लागले. त्यांना घरी परतून पुन्हा चुली पेटवायच्या होत्या, आणि चूल विझवल्याचा दोष कुणाच्या तरी माथी हवा होता. ठकूला पुन्हा कुणी बाळंतपणाला बोलावले नाही.

ती भांडली नाही. तिने फक्त स्वतःचे दार परत बसवले नाही. हौसाने एकदा विनवले, "ठकाक्का, पावसाळा तोंडावर आला. पोरगी ल्हान हाय. दार लाव."

"पोरगी तू ने," ठकू म्हणाली. "मला दार नगं. त्ये लावायला हात जात न्हाई."

आषाढात पाऊस आडवा येऊ लागला. त्या डोंगरावर उघड्या घरात माणूस टिकत नाही. श्रावण लागला तेव्हा ठकू चौकटीला टेकून बसलेली सापडली, थंडीने काळीनिळी पडलेली. नात हौसाकडे वाढली. पुढे बापाकडचे येऊन तिला घेऊन गेले.

"तिचं पुढे काय झालं?" आम्ही विचारले.

"म्हाईत न्हाई," लुमाजीबाबा म्हणाले. "कुठल्या गावाला दिली, पोरंबाळं किती, काई म्हाईत न्हाई. इचारायला कुनी गेलंच न्हाई. कुठल्या तोंडानं जायाचं?"

ठकू गेल्यानंतरच्या वैशाखात ऊन फारसे नव्हते. तरी एका सकाळी हौसाने आपले दार उचलले, राईत नेऊन आडवे टाकले आणि त्यावर बसून राहिली. दुपारपर्यंत दुसरी बाई आपले दार घेऊन आली. त्या वर्षी नऊ दारे आली, पुढल्या वर्षी तीस. सगळे गाव यायला एक पिढी लागली, म्हणे. पठारावर आता बंगले झाले आहेत, गावातही पत्रा आणि सिमेंट आले आहे, आणि गेली काही वर्षे ऊन खरोखरच घाट चढून येऊ लागले आहे. लोखंडी दारे बसवणाऱ्यांनाही गावाने बिजागऱ्या काढता येतील अशाच लावायला सांगितल्या आहेत.

ठकूच्या घराचा आज जोता उरला आहे. गावात तिचे देऊळ नाही. बांधू म्हणणाऱ्यांना बायकांनीच बांधू दिले नाही. देवळाला दार येते, म्हणाल्या.

आणि आजही गारवठमध्ये बाळंतपणाला आलेली लेक सरळ घरात जात नाही. ती अंगणात उभी राहते. तिची आई आतून येते, दार खाचेतून उचलून भिंतीला टेकवते, मगच लेक उंबरा ओलांडते. पाऊस असला तर दोघी भिजतात. लेक बाजेवर बसली की आई दाराला हात लावून विचारते, "लावू का?" घरात सासूसासरे असोत, डॉक्टर असो, नवरा असो, त्या वेळी कुणी बोलायचे नसते. लेकीने "लाव" म्हटले तर दार लागते. ती काहीच बोलली नाही, तर आई तशीच उभी राहते.