साळिंदराचा गवा

सागाच्या रानातल्या एका टेकडीच्या पोटात मोठं बीळ होतं आणि तिथे एक साळिंदर राहत असे. एकटं नव्हे हं, मुलांनो! भित्रा ससा, साठेबाज उंदीर आणि आळशी घोरपड हे तिघेही त्याच बिळात नांदत होते. या साळिंदराला मातीची जनावरं घडवायचा भारी नाद. एकदा त्यानं तळ्यावर पाणी पिणारा गवा पाहिला. काय ती शिंगं, काय तो खांदा! साळिंदर अगदी खुळावून गेलं. "असा गवा मी घडवणार म्हणजे घडवणार!" तळं आटत आलं होतं. काठाशी उरलीसुरली चिकणमाती त्यानं खरवडून काढली, तिचा गोळा केला आणि ढकलत ढकलत घरी आणला. आता पाऊस पडेपर्यंत दुसरी माती मिळायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण चौघांच्या घरात कामाला बसायचं कुठे?

ससा म्हणाला, "माझ्या कोपऱ्यात ये की. मऊ मऊ गवत आहे." साळिंदर तिथे गेलं, तर गोळ्याला सगळं गवतच चिकटलं. त्यात ते जरा वळलं की ससा भिंतीला पाठ लावून थरथरायचा. "नको रे बाबा, तुझे ते काटे! तू आपला दारापाशी बस. उजेडही आहे." साळिंदर दारापाशी गेलं. तिथे घोरपड पाठ शेकत पडली होती. "ऊन अडवू नकोस," ती डोळे न उघडताच म्हणाली. "आत हो." साळिंदर पुन्हा आत आलं. उंदीर मिशा फेंदारून वाटच बघत होता. "तुझं चुकतं कुठे सांगू का? असं कुठेही फतकल मारून काम होत नसतं. आधी सपाट दगड पाहिजे. हत्यारं ठेवायला काटक्यांची मांडणी पाहिजे. पाण्याला बेलफळाची वाटी पाहिजे. माझ्याकडे सगळं आहे, बरं का! तुझे ते साठवलेले कंद दे म्हणजे झालं."

भोळं बिचारं! कंद गेले, दगड आला. मांडणी आली, वाट्या आल्या. बीळ असं भरलं, की घोरपडीला दारातून आत येता येईना आणि सशाला बाहेर जाता येईना. गंमत म्हणजे, खुद्द साळिंदरालाच बसायला जागा उरली नाही. ते मांडणी इकडे सरकवी, दगड तिकडे ढकली, पुन्हा होता तिथे आणी. उजेडात बसावं की आडोशाला? मांडणी डावीकडे असावी की उजवीकडे? ससा म्हणतो तेही खरं, उंदीर म्हणतो तेही खरं, मग खोटं काय? विचार करकरून डोक्याचा पार भुगा झाला. गव्याची शिंगं आत वळलेली होती की बाहेर, हेसुद्धा त्याला धड आठवेना. आणि एका दुपारी त्यानं गोळ्यावर पंजा ठेवला, तर काय? टक्! माती दगडासारखी वाळली होती.

साळिंदर मोठ्यानं रडायला लागलं. घोरपडीनं एक डोळा उघडला. "इतके दिवस ही उलथापालथ चालली आहे. पण तुला करायचं तरी काय होतं?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, तू दाण्यांचं कोठार काढतोयस," उंदीर म्हणाला. "आणि मला वाटलं, तू माझ्या वाटेवर भिंत घालतोयस," ससा पुटपुटला.

"गवा करायचा होता मला, गवा!" साळिंदर ओरडलं आणि वैतागून त्यानं तो गोळा दगडावर आपटला. गोळा फुटला. आत मुठीएवढी माती अजून ओली होती! आता कसला उजेड आणि कसली मांडणी! ही वाळली की संपलंच. साळिंदरानं मांडणी, वाट्या, दगड सगळं धडाधड दाराबाहेर लोटलं, कोपऱ्यातलं फुटकं खापर ओढलं, स्वतःचाच गळून पडलेला एक काटा उचलला आणि येण्याजाण्याच्या वाटेवरच मांडी ठोकली. गवा डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. शिंगं वर वळली, खांदा फुगला. जागा लागली ती फक्त खापराएवढी. घोरपड शेपूट आवरून बाजूनं गेली, ससा टुणकन वरून उडी मारून गेला. कुणाचं काही अडलं नाही.

माती थोडी होती, म्हणून गव्याऐवजी झालं गव्याचं वासरू. पण असं ऐटदार, की बघत राहावं. सपाट दगड साळिंदरानं घोरपडीला शेकायला देऊन टाकला. वाट्या आणि मांडणी उंदराला परत केली आणि दगडापुरते दोन कंद सोडून बाकीचे मागून घेतले. उंदीर जरा कुरकुरला, पण त्यानं दिले. ससा तेवढा लांबूनच वासराकडे बघत होता. "काय रे, ह्याची आई मागून येत नाही ना?"

साळिंदर खो खो हसलं. "येईल की! पाऊस पडू दे, तळं भरू दे. तिला कुठे बसवायचं, ते आता मला कळलंय."

तात्पर्य : छंदाला किती जागा लागते, हे दहा जणांना विचारून कळत नाही, कामाला बसलं की कळतं.