बत्ताशाच्या डोक्यात कोण?

अरे थांब, चहा नंतर सांग, आधी हे ऐक. आत्ता निहारच्या लॅबमध्ये काय झालं माहितीये?

"पण ते डोपामाइनच कशावरून?" त्याच्या गाइड बिडवई मॅडमनी विचारलं.

निहारला आधी वाटलं, मॅडम गंमत करतायत. हा निहार धुमाळ म्हणजे पीएचडीचं चौथं वर्ष, दाढी वाढलेली, शर्ट कालचाच, पण रुबाब असा की नवरदेव घोड्यावरून उतरायलाच तयार नाही. आणि का नसावा? बत्तासा नावाच्या त्याच्या उंदराने कमालच केली होती.

म्हणजे बघ, बत्ताशाच्या मेंदूत कार्बनची एक तार सोडायची, केसाहून बारीक. तिला थोडं व्होल्टेज द्यायचं. डोपामाइन, म्हणजे मेंदूतलं ते आनंदाचं रसायन, येऊन तारेला टेकलं की इलेक्ट्रॉन देतं, आणि तेवढा करंट स्क्रीनवर दिसतो. उंदीर मस्त जागा, खातोय, फिरतोय, आणि इकडे त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपण लाइव्ह बघतोय. भारीच ना?

तर निहार खोलीत शिरला की बत्तासा मागच्या दोन पायांवर उभा, आणि स्क्रीनवर हा एवढा सुळका! साखरपाणी अजून दिलेलंच नाही हां. दुसरं कुणी आलं की पठ्ठ्या कोपऱ्यात लोळत, रेषा सपाट.

"मॅडम, तो मला ओळखतो," निहार म्हणाला. "मला बघून त्याला आनंद होतो. आणि तो आनंद मी मोजलाय."

"हं."

"आज पाचला परिषदेचं निबंध पाठवायचं पोर्टल बंद होतंय. ही परिषद गेली की पुढची दोन वर्षांनी. तोवर मी इथे म्हातारा होईन."

"तारेला लेप होता?"

"होता की. नवाकोरा."

हा लेप कशाला, तर मेंदूत व्हिटॅमिन सी पण भरपूर असतं. तेही तारेला तसेच इलेक्ट्रॉन देतं, आणि तारेला दोघांतला फरक कळत नाही. लेप असला की व्हिटॅमिन सी बाहेरच राहतं. म्हणून ह्यांच्या लॅबचा रिवाज आहे, तार मेंदूत घालायच्या आधी आणि काढल्यावर, लेप शाबूत आहे का बघायला, तिला लिंबू दाखवायचं. खरं लिंबू नाही रे, व्हिटॅमिन सीचं पाणी. पण नाव पडलं ते पडलं.

"लिंबू दाखवलंस?"

"दाखवलं. सपाट. एकदम सपाट."

"कधी?"

"आत घालायच्या आधी."

"आणि काढल्यावर?"

...

निहारने घड्याळाकडे बघितलं. आता खरं सांगायचं तर असला देखणा सुळका मिळाल्यावर लिंबू कोणाला आठवतंय?

"आधी सपाट होतं ना मॅडम. मग नंतर पण..."

मॅडम उठल्या. स्टँडवरची ती तार घेतली, मिठाच्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडली, व्होल्टेज तेवढंच ठेवलं. रेषा सपाट. मग ड्रॉपरने लिंबाचा एक थेंब टाकला.

रेषा ताडकन वर!

लेप कुठेतरी खरवडला गेला होता.

"काय रे," मॅडम म्हणाल्या, "हा बीकर पण तुला ओळखतो?"

निहार हसला. म्हणजे तोंड हसलं, कान लाल झाले.

...

पण गडी हुशार आहे, लगेच सावरला. "मॅडम, तार काढताना लेप गेला असेल! मी मोजत होतो तेव्हा शाबूत असेल!"

"असेल."

"म्हणजे ते डोपामाइनच असेल."

"असेल."

"बघा! तुम्हाला पण नाही म्हणता येत नाहीये!"

"मी कुठे नाही म्हटलं? उंदीर उठून हलला की मेंदूत व्हिटॅमिन सीसुद्धा वाढतं, एवढंच."

निहारला बघून बत्तासा उठून उभा राहायचा ना... दर वेळी.

"दुसरा उंदीर घेऊन परत करायला किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"महिना तरी. पोर्टल आज बंद होतंय, मॅडम."

"हं."

"आणि परिषदेत कोणी नंतरचं लिंबू विचारत नाही. सगळे आधीचंच दाखवतात."

"खरंय. नाही विचारणार."

...

आता बोल! मॅडम भांडल्या असत्या तर निहारला बरं वाटलं असतं. त्या तर प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होत्या.

पाचला वीस मिनिटं होती. स्क्रीनवर सगळं भरून तयार, फक्त बटण दाबायचं बाकी. वर मोठ्या अक्षरात शीर्षक, 'ओळखीचा माणूस दिसताच उंदराच्या मेंदूत वाढणारे डोपामाइन'. खाली निहारचं नाव, त्याच्या शेजारी मॅडमचं.

"मॅडम, सरळ सांगा ना. पाठवू की नको?"

मॅडम बेसिनपाशी बीकर विसळत होत्या. विसळून झाल्यावर तो त्यांनी फडक्यावर पालथा घातला. हात पुसले.

"पाठव की. फक्त डोपामाइनच्या जागी 'कोणीतरी' असं लिही."

...

बसलाय अजून तसाच, माउस धरून. तू असतास तर काय केलं असतंस रे?