वासूने बोट निवडली

खाडीकाठच्या खारवली गावात वासुदेव मयेकर नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. ‘भोळा’ हा शब्द लोक त्याच्या तोंडावर वापरत. पाठीमागे वापरायचा शब्द वेगळा होता. वासू कामचुकार मुळीच नव्हता. सांगितलेलं काम तो करायचाच, आणि सांगितलं अगदी तसंच करायचा. म्हणून शहाणी माणसं त्याला काही सांगतच नसत.

त्याच्या बायकोला मात्र सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गिरिजा घरी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय करायची. शहरातली माणसं यायची, मासे खायची, झोपाळ्यावर लोळायची आणि विचारायची, “तुमच्याकडे बोट नाही का?” बोट शेजारच्या पेडणेकरांकडे होती. पाहुणे त्यांच्या बोटीतून खाडी बघायला जायचे, आणि पुढच्या खेपेला उतरायचेही त्यांच्याकडेच. गिरिजाच्या खोल्या रिकाम्या राहायला लागल्या. या मोसमात बोट झाली नाही तर हा धंदाच गुंडाळायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

नवी बोट परवडणार नव्हती. वापरलेली बघायची ठरली. गिरिजा तांडेलाची मुलगी, बोटींमध्येच वाढलेली. तिला बोटीतलं सगळं कळायचं. वासूला फक्त पोहता यायचं. तेव्हा बोट बघायला अर्थातच वासूने जायचं ठरलं, कारण सौदा पुरुषांनीच करायचा असतो, असं गावातल्या तमाम पुरुषांचं म्हणणं होतं.

“हे बघा,” गिरिजा म्हणाली, “एका तऱ्हेच्या बोटीला केबिन असते. म्हातारी माणसं सावलीत बसतात. दुसरी पुढून उघडी. तरण्या पोरांना वाऱ्यात बसून फोटो काढता येतात. दोन्ही बघा आणि नीट निवडा.”

वासू उठला, आत गेला आणि सूप घेऊन बाहेर पडला.

“सूप कशाला?”

“निवडायचंय ना.”

गिरिजाने सूप काढून घेतलं. “आणि रंगाला भुलू नका. विकायची बोट कुणीही रंगवून ठेवतो. रंगाच्या आत काय आहे ते बघा.”

वासूने ते मनात पक्कं केलं.

बंदरावर मुरारीची उघडी बोट होती. नुकताच निळा रंग दिलेला, वर झोकात नाव लिहिलेलं, ‘जलपरी’. मुरारी गिऱ्हाइकासाठी चहा आणायला गेला. वासूने वाळूतला पत्र्याचा तुकडा उचलला आणि कामाला लागला. निळ्याच्या आत हिरवा निघाला. हिरव्याच्या आत लाल निघाला. मुरारी चहा घेऊन आला तेव्हा नावातली फक्त ‘परी’ उरली होती.

“हे काय करताय?” मुरारी ओरडला.

“आत काय आहे ते बघतोय. अजून रंगच लागतोय. थोडं थांबा.”

मुरारीने चहा स्वतः पिऊन टाकला आणि वासूला बंदराच्या बाहेरपर्यंत पोचवलं. हाताला धरून नव्हे, कॉलरला धरून.

“काय झालं?” गिरिजाने विचारलं.

“तू सांगितलंस तसंच केलं,” वासू म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

गिरिजाने कपाळाला हात लावला. “अहो, खरवडायचं नसतं. बोटांनी ठोकून बघायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत कुजलंय म्हणून समजायचं, आणि तसं स्पष्ट सांगून मोकळं व्हायचं. ज्याच्यावर भरवसा टाकायचा ते आधी ठोकून बघावं.”

वासूने तेही मनात पक्कं केलं.

दुसरी बोट केबिनवाली. मालक आचरेकर, कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले साहेब. टक्कल गुळगुळीत. वासूला त्यांनी बोटीत पायही ठेवू दिला नाही.

“काही बघायची गरज नाही,” ते म्हणाले. “मी सांगतो ना, बोट फर्स्ट क्लास आहे. माझ्यावर भरवसा ठेवा.”

वासू पुढे झाला आणि साहेबांच्या टकलावर त्याने टकटक केलं. कान लावून ऐकलं. पुन्हा टकटक केलं.

“पोकळ आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “साहेब, आत कुजलंय.”

आचरेकरांबद्दल गावातल्या पुष्कळांना हेच वाटत होतं, पण आजवर कुणी ठोकून पाहिलं नव्हतं. साहेबांनी आधी काठी शोधली. ती मिळाली तोवर वासू वेशीपाशी पोचला होता.

“तू सांगितलंस तसंच केलं,” तो धापा टाकत म्हणाला.

“अहो, वडीलधाऱ्या माणसाला कुणी ठोकतं का?” गिरिजाचा आवाज चढला. “म्हाताऱ्या माणसाला वाकून नमस्कार करावा. तब्येत विचारावी. ‘तुमचं वय दिसत नाही हो’ म्हणावं. चार गोड शब्दांनी काही झिजत नाही.”

वासू वरमला. आपण बायकोच्या मनासारखं एकदा तरी करून दाखवावं, असं त्याला फार वाटायचं. गोड शब्द त्याने वाटभर घोकले.

पलीकडच्या काठावर बाबी दलाल जुन्या बोटी विकायचा. त्याने एक उघडी बोट दाखवली. बाबी लबाड होता, पण बोटीची अवस्था अशी होती की त्यालाही थोडं खरं बोलावं लागलं.

“बाकी सगळं झकास आहे. इंजिन तेवढं म्हातारं आहे.”

हे ऐकताच वासूने चपला काढल्या, इंजिनाला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “तब्येत कशी आहे?”

बाबीने इंजिन चालू केलं. ते खोकलं, धूर ओकलं आणि बंद पडलं.

“चालायचंच,” वासू मायेने म्हणाला. “पण वय दिसत नाही हो तुमचं!”

बाबीने डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे आभार मानले. असं गिऱ्हाईक जन्मात एकदाच येतं. त्याने बोटीचा भाव तिथल्या तिथे दुप्पट केला. वासू तोही द्यायला तयार होता, फक्त पैसे गिरिजाजवळ होते. तेवढ्यामुळे संसार वाचला. बाबीने निरोप द्यायला स्वतः धक्क्यापर्यंत येऊन हात हलवला.

ते ऐकून गिरिजा त्याच्यासमोर येऊन बसली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “जे घ्यायचं त्याचं कौतुक करायचं नसतं. नाक मुरडायचं. ‘फुकट दिलीत तरी नको’ म्हणायचं आणि पाठ फिरवून चालायला लागायचं. समोरचा आपोआप खाली येतो.”

“आपोआप?”

“आपोआप.”

जुवेकर बाई टेकावरच्या घरात एकट्या राहत. त्यांनी वासूला शाळेत शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता. त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतलेली बोट मागच्या पडवीत झाकून ठेवली होती. मागे केबिन, पुढे उघड्यावर बसायला गाद्या. गिरिजाला हवं होतं ते सगळं एकाच बोटीत. बाई आता पुण्याला मुलाकडे जाणार होत्या. वासू बोट शोधतोय असं कळल्यावर त्यांनी त्याला निरोप धाडून बोलावून घेतलं.

“वासू, ह्यांच्यामागे ही बोट कुणी पाण्यात घातली नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. “विकायला जीव होत नाही. तुम्ही दोघं हिला चालवाल. पैसे नकोत मला. अशीच घेऊन जा.”

वासूने नाक मुरडलं. “फुकट दिलीत तरी नको,” तो म्हणाला. पाठ फिरवली, पायऱ्या उतरला आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

घरी आला तो मोठ्या आनंदात.

“बाई खरंच खाली आल्या!”

“मग?” गिरिजा सावरून बसली.

“फाटकाला आतून कडी घातली आणि वर गेल्या.”

गिरिजा उठली. सुरमईच्या कालवणाचा डबा घेतला आणि टेकावर गेली. तिथे ती काय बोलली, किती रडली आणि नवऱ्याला काय काय म्हणाली, ते तिचं तिला माहीत. परत आली तेव्हा डबा रिकामा होता आणि बोट मिळाली होती. ‘पहिल्या फेरीला मला न्यायचं,’ एवढीच बाईंची अट होती.

“ऐका,” ती वासूला म्हणाली, “चांगली गोष्ट हाती आली की आधी खिशात टाकावी. मग तोंड उघडावं. कळलं?”

वासूने शर्टाचा खिसा चाचपून पाहिला. खिसा शाबूत होता.

टेम्पोवर चढवून बोट खाडीकाठी आली. गिरिजाने ती आतून घासून धुतली. बुडाशी मागच्या बाजूला एक भोक होतं, त्यातून सगळं घाण पाणी वाहून गेलं. मग तिने त्या भोकाचं पितळी बूच पुसून वासूच्या हातात दिलं.

“ही या बोटीतली सगळ्यात मोलाची वस्तू. हे हरवलं की बोट बुडालीच म्हणून समजा. तुमच्या जबाबदारीवर देतेय हं.”

वासूची छाती फुगली. एवढी मोलाची वस्तू तिने त्याच्यावर कधी सोपवली नव्हती. त्याने बूच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, पिशवी खिशात घातली आणि खिशाला सेफ्टी पिन लावली.

रविवारी बोट पाण्यात उतरवायचा समारंभ झाला. घरात उतरलेले सगळे पाहुणे आले. जुवेकर बाई जरीची साडी नेसून पुढच्या गादीवर बसल्या. पेडणेकर अभिनंदन करायला आले होते, निदान तोंडाने तरी तसं म्हणत होते. नारळ फुटला. गडीमाणसांनी बोट पाण्यात लोटली. गिरिजाने सुकाणू हातात घेतलं.

“सगळं पाहिलंत ना नीट?”

“पाहिलं.”

“बूच आहे ना?”

“आहे!” वासूने छातीवर हात ठेवून सांगितलं.

बोट सुसाट निघाली. वेगात होती तोवर कुणाला काही कळलं नाही. पोरांनी फोटो काढले. बाईंनी पदराने डोळे टिपले. खाडीच्या मधोमध गिरिजाने इंजिन बंद केलं, पाहुण्यांना काठावरचे बगळे दाखवायला. थोड्या वेळाने केबिनमधून एक आजोबा म्हणाले, “वा, पाय बुडवून बसायचीसुद्धा सोय आहे!” मग त्यांची चप्पल तरंगत बाहेर आली. पाठोपाठ आजींचा वड्यांचा डबा आला.

“वासू,” बाई शांतपणे म्हणाल्या, “माझी साडी भिजतेय.”

गिरिजा किंचाळली. इंजिन पुन्हा चालू होईना. बोट मागच्या अंगाने बसत गेली, बसत गेली आणि पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर जाऊन टेकली. नशीब त्या सगळ्यांचं. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. पिशव्या डोक्यावर, बाई दोघा पाहुण्यांच्या खांद्यावर. पेडणेकर आपली बोट घेऊन मदतीला धावले. ते इतक्या आनंदाने कुणाच्या मदतीला कधी धावले नव्हते. आजोबांना हात देऊन वर घेता घेताच त्यांनी आपल्याकडे खोल्या रिकाम्या असल्याचंही सांगून टाकलं.

गिरिजा गटांगळी खाऊन वर आली, केस बाजूला सारले आणि ओरडली, “बूच! अहो, बूच कुठेय?”

वासू दांड्याच्या कडेला गळ्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्याने खिशाची सेफ्टी पिन काढली. पिशवीतून बूच काढलं आणि हात उंच करून सगळ्यांना दिसेल असं धरलं.

“घाबरू नकोस,” तो हसून म्हणाला. “हरवलं नाही. थेंबभर पाणीसुद्धा लागू दिलेलं नाही!”