सहा वॅट आणि मागची भिंत

"पण आक्का, दोनशे वॅटचे आहेत हे! ह्याहून मोठे आता कुठून आणू?"

हणमंताने दोन्ही हातांतले स्पीकरचे काळे बॉक्स मठाच्या ओट्यावर टेकवले आणि कपाळावरचा घाम बाहीने पुसला. पायथ्यापासून वर दोनशे चाळीस पायऱ्या. ह्या महिन्यात ओझं घेऊन तो तिसऱ्यांदा त्या चढला होता.

चंद्राक्का दारात बसून गवार मोडत होत्या. वर न बघता त्या काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

"मोठे आण असं मी..."

"राहू द्या, राहू द्या. घशाला ताण नको."

आक्कांच्या घशात गाठ होती. ऑपरेशनची तारीख ठरली होती, आणि स्वरयंत्र काढावंच लागेल हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. मठात दर गुरुवारी त्या बोलायच्या, त्यातल्या तीन बैठका उरल्या होत्या. त्यातली एक आज, चार वाजता.

हणमंत तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवायचा. आवाजातलं, विजेतलं आपल्याला कळतं, अशी त्याची खात्री होती, आणि गावाचीही. आक्कांचा शेवटचा शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचवायचा, हे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

कारण ह्या मठात म्हातारी माणसं पुढे बसत नसत. कुठेही जा, वडीलधाऱ्यांना पुढे बोलावतात. इथे मात्र गुडघे आणि पाठ सांगेल तसं. टेकायला भिंत मागेच होती, त्यामुळे ज्यांचे कान शाबूत ते पुढे आणि ऐंशीच्या पुढचे सगळे मागे.

गेल्या गुरुवारी तानूआत्या उठताना म्हणाली होती, "आक्काचं तोंड हलताना दिसलं बाबा. चला, तेवढं तरी घेऊन जाते."

ते वाक्य हणमंताला आठ दिवस टोचत होतं.

अडचण अ‍ॅम्प्लिफायरची होती. तो दत्तू मिस्त्रीने मरायच्या आदल्या वर्षी मठासाठी हाताने बनवला होता, छपरावरच्या सोलरच्या बॅटरीवर चालेल असा. सहा वॅट, बस्स. हणमंताने एकदा मोठा आणून जोडला, तर अर्ध्या तासात बॅटरीने मान टाकली आणि मठातले दिवेही गेले. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर हाच. बदलायचे ते स्पीकर, तेही मठाला परवडतील असे.

परवडणाऱ्यांत ज्याच्यावर सर्वांत मोठा आकडा, तो त्याने उचलला होता. तिन्ही वेळा.

"आज बघाच तुम्ही," असं म्हणत त्याने वायरी जोडल्या, माइक हातात घेतला.

"हॅलो... हॅलो..."

तानूआत्या पायऱ्यांचा विचार करून दोन तास आधीच येऊन मागच्या भिंतीला टेकली होती. तिने डोळे उघडले.

"कोण कुजबुजतंय रं तिकडं?"

हणमंताने बटण शेवटापर्यंत पिळलं. बॉक्समधून गोधडीखालून बोलल्यासारखा आवाज आला.

"छे!" त्याने माइक खाली ठेवला. जरा जोरातच. "वैताग आहे नुसता! एवढे दणदणीत स्पीकर, आणि ह्यांना घसा नाही!"

आक्कांनी गवारीची पाटी बाजूला सारली.

"दोनशे म्हणजे काय रे? एवढं बोलतात?"

"बोलतात असं नाही. एवढं झेपतं त्यांना."

"म्हणजे एवढं खातात."

"...तसं म्हणा."

"आणि आपल्या घरात किती आहे?"

"सहा."

आक्कांनी दोन्ही बॉक्सकडे एकदा पाहिलं. हणमंताला त्यांच्या ह्या नुसत्या पाहण्याचा फार राग यायचा. माणसाने एक तर चुकलास म्हणावं, नाहीतर बरोबर म्हणावं.

"तो कुठला?" त्यांनी पिशवीकडे बोट केलं.

पिशवीत आणखी एक स्पीकर होता. उघडाच, डब्याशिवाय. कुठल्यातरी जुन्या रेडिओतून काढलेला, ताटलीएवढा. त्याच्या पडद्याचा कागद उन्हात पडलेल्या वहीसारखा पिवळा पडला होता आणि काठाला एका ठिकाणी पट्टी चिकटवलेली होती.

"तो भंगारातला. दुकानदाराने दिला. म्हणाला, मास्तर, हाही घेऊन जा, पण आता परत येऊ नका." हणमंत कडवट हसला. "त्याच्यावर आकडासुद्धा नाही आक्का."

"बॅटरीतला सेल आण बरं."

"सेल?"

"खुंटीवर हातबॅटरी आहे बघ, रात्री अंगणात जायची. दत्तू स्पीकर घेताना सेल लावून बघायचा."

हणमंताला ते माहीत होतं. त्याने स्वतः कितीतरी पोरांना ते शिकवलं होतं. स्पीकरच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवायचा. चालू असेल तर खट् असा आवाज येतो. पण हे नवे कोरे, चालू असलेले स्पीकर होते. त्यांना सेल कशाला? तरी त्याने तो काढून आणला. वाद घालायचं त्राण नव्हतं.

आधी मोठ्या बॉक्सला टेकवला.

ठुप्.

जेवून झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा.

"आता तो."

त्याने नाखुशीने पिवळ्या कागदाच्या तारांना सेल लावला.

कडाड!

"अगं बाई!" मागून तानूआत्या ओरडली. "काय मोडलं गं आक्का?"

हणमंत हातातल्या सेलकडे बघत राहिला. एकच सेल. त्याने पुन्हा लावला. पुन्हा कडाड. मग मोठ्याला. ठुप्.

"वजनदार आहे त्याचा पडदा..." तो स्वतःशीच पुटपुटला. "हलवायलाच सगळा जोर जातो. हा हलका आहे, म्हणून..."

मग एकदम उसळून म्हणाला, "मग तीन आठवडे मला वर-खाली कशाला करू दिलंत? माहीत होतं तर सांगायचं ना!"

"सांगितलं."

"कधी?"

"तिन्ही वेळा," आक्का म्हणाल्या. "तू 'राहू द्या' म्हणालास."

हणमंताचे कान तापले. तो मुकाट्याने फळीचा तुकडा शोधायला गेला. फळीला ताटलीएवढं गोल भोक पाडलं, मागून स्पीकर बसवला, आणि ती फळी आक्कांच्या आसनाशेजारी स्टुलावर उभी केली, तोंड मागच्या भिंतीकडे करून.

चार वाजले. चाळीसएक माणसं जमली. हणमंत पुढे मांडी घालून बसला. मांडीवर नवी कोरी वही, पेनाचं टोपण काढलेलं. आजपासून एक अक्षरही सांडू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आक्कांनी माइक तोंडाशी धरला.

"बसा," त्या नेहमीच्या, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"बसलोय की!" मागच्या भिंतीवरून तानूआत्याने उत्तर दिलं.

सगळे हसले. मागची ओळ तर एकमेकांना कोपर मारून हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना शब्द ऐकू आला होता. हणमंताचा ऊर भरून आला. त्याने वहीवर तारीख घातली.

आक्का थोडा वेळ मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मग त्या उठल्या. स्टुलावरची फळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. स्पीकरचं तोंड आता त्यांच्या आसनाकडे झालं.

"आक्का! अहो, उलटा झाला तो!" हणमंत अर्धा उठला. "माइक समोर आहे, शिट्टी मारेल!"

"माइक तिकडे ने."

"कुठे?"

त्यांनी हनुवटीने मागची भिंत दाखवली.

वायर लांब होती. अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीजवळ, मागच्या खिडकीतच असायचा. हणमंत दात आवळत, माणसांच्या मांड्या ओलांडत मागे गेला आणि त्याने माइक तानूआत्यापुढे धरला.

"मी काय बोलू? मला काय येतंय?" असं म्हणून ती पदरात तोंड लपवायला लागली, आणि तेवढंही पुढे स्वच्छ ऐकू गेलं.

"बोला आत्या," हणमंत म्हणाला. "लवकर."

तिने माइककडे संशयाने बघितलं.

"आक्का... मी दर दहा पायऱ्यांना बसते. आणि बसले की तुमच्यावर चिडते. म्हणते, एवढ्या वर कशाला मठ बांधला ह्या बाईनं? मेली खाली बसली असती तर काय झालं असतं?"

हशा उसळला. आक्काही हसल्या, पण आवाज न करता.

"मग वर येते," तानूआत्या म्हणाली. "घरात दिवसभर कुणी मला बस म्हणत नाही. तुम्ही म्हणता... म्हणून येते."

हशा थांबला.

आक्कांनी डोळे मिटले होते. त्या पिवळ्या कागदाकडे इतक्या झुकल्या होत्या, की कान त्याला लागेल असं वाटावं.

माइक पुढच्या म्हाताऱ्याकडे गेला. त्याने विहिरीवरून भावाशी धरलेला अबोला सांगितला. मग तिसऱ्या एका म्हातारीकडे. तिला बोलताच येईना, ती नुसती श्वास घेत राहिली, आणि आक्का तेही ऐकत राहिल्या.

अर्धा तास गेला. हणमंताच्या वहीत तारखेखाली काहीच नव्हतं.

शेवटी त्याला राहवेना. माइक कुणाच्या तरी हातात देऊन तो पुढे आला आणि आक्कांच्या शेजारी उकिडवा बसला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं आहे अशी तो स्वतःची समजूत घालत होता.

"आक्का, तीनच बैठका आहेत! तीनच! हे लोक काय, पुढेही बोलतीलच. तुमचे शब्द... तुमचे शब्द परत कुठून आणू मी?"

आक्कांनी हात वर केला. मागे कुणीतरी आपली गोष्ट संपवत होतं. ते संपेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.

मग त्या त्याच्याकडे वळल्या.

"पुढच्या महिन्यापासून मला ऐकायचं एवढंच काम आहे, हणमंता... जरा हात बसू दे."