गोमाबाबांची पाठ

फार वर्षं झाली. किती, ते सांगणारं माणूस आता उरलं नाही. उंबरदरीला तेव्हा रस्ता नव्हता आणि सकाळचं धुकं घरात शिरून चुलीपाशी बसायचं. त्या गावात झाडपाल्याचं औषध देणारे गोमाबाबा होते. त्यांनी हात ठेवला की झाडाचीही नाडी लागायची, असं म्हणतात.

त्याच गावात येसबा बुरूड टोपल्या विणायचा. पन्नाशी उलटलेली, छातीत धडधड व्हायची, म्हणून बाबांचा काढा चालू होता. पहिली बायको गेली, म्हणून त्यानं नुकताच ठमाबाईशी पाट लावला होता. ठमाबाई त्याच्याहून बरीच लहान.

एका सकाळी चौघांनी येसबाला घोंगडीत घालून बाबांच्या अंगणात आणलं. ओठ निळे पडलेले. छाती अशी उडत होती की घोंगडी हलत होती.

"नवरदेवाला नजर लागली, दुसरं काय!" एकजण म्हणाला.

"जिभेला हाड आहे का तुमच्या?" ठमाबाई कडाडली. "बाबा, काल जत्रेतून आल्यापासून असं करताहेत."

बाबांनी नेहमीचा काढा वाटीत ओतला आणि वाटी येसबाच्या ओठांशी नेली. तोच काढ्यावर तरंग उठला. वारा नव्हता, हातही हलला नव्हता. काढाच नको म्हणाला, असं म्हणतात. बाबा थांबले.

"येसबा, जत्रेत काय खाल्लंस?"

"भजी."

"आणखी?"

येसबानं चौघांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि डोळे मिटले. जीव चालला होता, पण तोंड उघडेना.

बाबांच्या मनात आलं, आज आपलंच तोंड याच्या आड येतंय. त्यांनी सगळ्यांना कुंपणाबाहेर घालवलं. येसबाला उठवून बसवलं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसले.

"आता मी तुला दिसत नाही, तू मला दिसत नाहीस. पाठीला सांग."

येसबानं हळूहळू बाबांच्या पाठीवर भार टाकला.

"भुकटी घेतली, बाबा. पुरुषाच्या ताकदीची. विकणारा म्हणाला, निव्वळ झाडपाला, बाधायचा नाही. चिमूटभर सांगितली होती, मी मूठभर खाल्ली."

"अरे, धोतराही झाडच की. आणि त्यानं त्यात आणखी काय कुटलं, ते त्याच्या खलबत्त्यालाच ठाऊक. माझा काढा चालू आहे, हे त्याला सांगितलंस?"

"नाही."

"आणि भुकटीचं मला?"

"लाज वाटली, बाबा."

बाबांनी वाटी मातीत ओतली. एका पोटात दोन औषधं झुंजत होती, तिथे तिसरा घोट गेला असता तर माणूस गेला असता. मग ते नुसते बसून राहिले. त्यांच्या काळजाचा ठोका संथ, भरली बैलगाडी चढ चढते तसा. तो पाठीतून पाठीत झिरपत गेला. धुकं दोघांवर पांघरूण घालून गेलं, चिमण्या खांद्यांवर उतरल्या. ऊन कलेपर्यंत येसबाची छाती बाबांच्या ठोक्यावर चालू लागली, असं म्हणतात.

ठमाबाई आत आली, तेव्हा येसबानंच तिला सगळं सांगितलं. "ताकद म्हणे!" डोळे पुसत ती म्हणाली. "मला सोबत हवी होती, पैलवान नको होता."

पुढे बारा गावांचे पुरुष त्या पाठीशी बोलायला येऊ लागले. न बोललेलंही त्या पाठीला ऐकू यायचं, असं म्हणतात.

आता उंबरदरीत दवाखाना आहे. पण कुणी पुरुषमाणूस आला की डॉक्टरीणबाई आधी खुर्ची फिरवतात आणि पाठमोऱ्या होतात. "गोमाबाबांच्या नावानं सांगा दादा, आणखी काय घेताय?" एवढंच विचारतात. मग, कितीही वेळ लागो, थांबतात.