तीनशेला किती घोडे?

"चाचा, तीनशेला किती घोडे लागतील तेवढं बोला. बाकीचं माझं मी बघतो."

दस्तगीर मिस्त्री मांडीवर कार्बुरेटर घेऊन पुसत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

विचारत होता शार्दूल इंगवले. तीन वर्षं ह्याच गॅरेजात हात काळे केलेला. चिखलातल्या शर्यतींत चार कप मिळाले आणि त्याला मिस्त्री लहान दिसायला लागला.

आता नवा नाद. माळावरच्या बंद विमानपट्टीवर मोटार नाकासमोर सोडायची. शेजारी दुसरी गाडी नाही, वळण नाही. जास्तीत जास्त किती गेली, तेवढंच बघायचं. असल्या गोष्टीला पूर्वी खूळ म्हणत.

त्याची गाडी दीडशे घोड्यांच्या ताकदीवर ताशी दोनशेला जात होती. त्याला तीनशे हवे होते, दिवाळीच्या आत. मोठं इंजिन मागवायचं होतं, म्हणून आकडा पाहिजे. आणि आकडा त्याने घरून काढूनच आणला होता. मिस्त्रीने फक्त मान हलवायची.

"दोनशेला दीडशे घोडे. मग तीनशेला सव्वादोनशे. साधं त्रैराशिक आहे, चाचा."

"साळंत शिकलास?"

"मग काय तर!"

"वाया गेली साळा."

मिस्त्री उठला. भिंतीवर खिळ्याला एक भली थोरली परात टांगलेली होती. वर्षाला एकदा उरसाच्या जेवणाला जायची, घासूनपुसून परत खिळ्यावर यायची. गॅरेजातली ही एक वस्तू कुणाला हात लावू देत नसे म्हातारा.

ती त्याने काढली आणि शार्दूलच्या हातात दिली.

"जीपमध्ये बस."

"जेवायला कुठं निघालोय का?"

मिस्त्री हसला नाही.

विमानपट्टीवर आल्यावर त्याने शार्दूलला एका हाताने परात बाहेर धरायला लावली. उभी, वाऱ्याला आडवी.

चाळीस.

"कसं हाय?"

"काही नाही. गंमत वाटतीय."

साठ. शार्दूलचं कोपर थरथरायला लागलं. त्याने दात आवळले.

ऐंशी. खांद्यातून कळ निघाली, बोटं सुटली. परात डांबरावर आपटत, ठणठणत मागे गेली.

मिस्त्रीने जीप थांबवली. स्वतः चालत गेला. परात उचलली आणि पोराचं तोंड पुसावं तशी बाहीने पुसली.

"येग किती वाढला?"

"चाळिसाचा ऐंशी. दुप्पट."

"आन् भार?"

शार्दूल खांदा चोळत होता. "चौपट तरी असंल."

"त्यो चौपट भार दुप्पट येगानं ढकलायचा…"

खांदा चोळणारा हात थांबला. मग त्याचे डोळे चमकले.

"आठपट! दुप्पट वेगाला आठपट घोडे! मग दीडपटीला…" त्याने बोटांवर मांडलं, मोडलं, परत मांडलं. "तीनपटीच्या वर. पाचशे. पाचशेच्या आसपास, चाचा!"

"पाचशे सहा."

"एवढं नेमकं?"

"काढला हुता एकदा. जमीरसाठी. त्याचीबी गाडी अशीच, दीडशेची."

जमीर म्हणजे मिस्त्रीचा मुलगा. मोटारीत गेला, एवढंच शार्दूलला ठाऊक होतं. तीन वर्षांत मिस्त्रीने कधी तोंडातून त्याचं नाव काढलं नव्हतं.

"…आकडा चुकला होता का?"

"एक घोडा इकडचा तिकडं न्हवता. गाडी तीनशेला लागली. कागदावर हुतं तशीच."

"मग?"

"मग कागद संपला."

पट्टी जिथे संपते, तिथे पुढे ओढा आहे. कोरडा. मोठमोठे धोंडे आणि दोन बाभळी. शार्दूलने तिकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

पण तरुण रक्त. गप्प बसेल तर शपथ.

"तेव्हाचे ब्रेक जुने असतील, चाचा. मी मागं पॅराशूट लावतो. दोन लावतो. पाचशे सहाचं इंजिन मी उद्याच सांगून टाकतो."

वारा पडला होता. माळावर टिटवीसुद्धा बोलत नव्हती.

मिस्त्रीने जीपमधली छिन्नी आणि हातोडी काढली. खाली डांबरावर बसला, परात पालथी घातली. काठाशी अक्षरं ठोकलेली होती. लोक भांड्यावर नाव घालून घेतात, तशी. मघाशी शार्दूलचा अंगठा त्यांच्यावरच दाबलेला होता. त्याला ती खरखरीत लागली होती, एवढंच.

आता त्याने वाचली.

मरहूम जमीर दस्तगीर शिकलगार यांच्या स्मरणार्थ.

खाली वीतभर पितळ कोरं होतं. मिस्त्रीने छिन्नीचं टोक तिथे टेकवलं.

"आकडा लिहिताय, चाचा?" शार्दूलने विचारलं.

मिस्त्रीने हातोडी उचलली…

"पुरं नाव सांग. बापाचं धरून."